चात, गेझा
(१३ फेब्रुवारी १८८७ – सप्टेंबर १९१९). हंगेरियन मनोविकारतज्ज्ञ, कथाकार व संगीतसमीक्षक. मूळ नाव योझेफ ब्रेनर. हंगेरियन भाषेत आडनाव आधी लिहिण्याचा प्रघात असल्याने स्वदेशात तो ‘चात गेझा’ या नावानेच ओळखला जातो. जन्म साबाद्का येथे. हे शहर त्या काळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या दक्षिण भागात मोडत असे. आज ते सुबोतित्सा या नावाने सर्बियात आहे. वडील वकील व संगीताचे जाणकार होते. आई त्याच्या बालपणीच वारली. प्रसिद्ध कवी व कादंबरीकार देझो कोस्तोलान्यी (१८८५–१९३६) हा त्याचा आतेभाऊ. दोघे एकाच गावात वाढले.

चातला प्रथम चित्रकार व्हावयाचे होते. व्हायोलिनवादनातही त्याला चांगली गती होती. तथापि शालेय शिक्षण संपल्यावर तो वैद्यकाच्या अभ्यासासाठी बूडापेस्टला गेला आणि १९०९ मध्ये त्याने पदवी घेतली. विद्यार्थिदशेतच तो वृत्तपत्रांतून कथा व संगीतविषयक टिपणे लिहू लागला होता. बेलॉ बॉर्तोक व झोल्तान कोदाय या संगीतकारांचे मोल प्रथम ओळखणाऱ्या मोजक्या समीक्षकांत त्याची गणना होते. एवढ्यावरूनही त्याच्या अभिरुचीची साक्ष पटावी. १९०८ मध्ये निघालेल्या न्युगत (म. शी. पश्चिम) या नियतकालिकाभोवती आधुनिक हंगेरियन साहित्याची जी पिढी उभी राहिली, तीत तो आरंभापासून होता.

पदवीनंतर त्याने बूडापेस्ट येथील मोरावचिक यांच्या मनोविकार व मज्जाविकार चिकित्सालयात काही काळ साहाय्यक डॉक्टर म्हणून काम केले. फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाचे वारे तेव्हा हंगेरीत नुकतेच पोहोचत होते. शांदोर फेरेन्त्सीने स्थापन केलेली हंगेरीतील मनोविश्लेषण संस्था त्यानंतरची, १९१३ ची. चिकित्सालयातील अनुभवावर आधारलेला मनोविकारांची मानसिक यंत्रणा (म. शी.) हा चातचा ग्रंथ १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या केंद्रस्थानी एकच रुग्ण स्त्री आहे. आपल्या मनावर कोणा परक्या सत्तेचा अंमल चालतो व तीच आपल्या डोक्यात विचार घालते, अशी तिची धारणा होती. तिने स्वतः लिहिलेला मजकूर चातने ग्रंथात विस्ताराने उद्धृत केला आणि त्यातील भय, वासना व अभिमान यांचे धागे वेगळे करून दाखविण्याचा प्रयत्न केला. १९७८ मध्ये हाच ग्रंथ एका वेड्या स्त्रीची रोजनिशी या अर्थाच्या नावाने पुन्हा निघाला. या बदललेल्या नावामुळे काही परिचयपर लेखनात त्याला कादंबरी म्हटले गेले व चातला कादंबरीकार. हे वर्गीकरण काटेकोरपणे बरोबर नाही. ग्रंथ शास्त्रीय आहे आणि त्यातील रुग्णेचे शब्द कल्पित नाहीत. पण वाचकाची झालेली गफलत अगदीच अकारण नव्हे. विश्लेषकाची परिभाषा आज जुनी वाटते. त्या स्त्रीचा स्वर मात्र तिला न जुमानता ऐकू येतो. रुग्णाचे म्हणणे सारांशरूपाने न देता त्याच्याच शब्दांत ठेवावे, ही दृष्टी मुळात कथाकाराची होती.

चातची वाङ्मयीन कीर्ती मुख्यतः कथांवर उभी आहे. जादूगाराची बाग (१९०८, म. शी.) हा त्याचा पहिला संग्रह तो विद्यार्थी असतानाच आला. त्यानंतर १९०९ ते १९१३ या काळात आणखी काही छोटे संग्रह निघाले. ‘मातृहत्या’ या गाजलेल्या कथेत वडिलांच्या मागे वाढणारे दोन भाऊ प्रथम प्राण्यांचा छळ करतात आणि पुढे एका वेश्येला दागिने देता यावेत म्हणून रात्री आईचा खून करतात. ‘छोटी एम्मा’ या रोजनिशीवजा कथेत मुले खेळता खेळता एका लहान मुलीला फाशी देतात. अशा घटना सांगताना लेखक आवाज चढवीत नाही, निषेध करीत नाही व कारणेही देत नाही. दवाखान्यातील नोंदवहीत लक्षणे जशी ओळीने लिहावीत, तशी वाक्ये येतात. बालपण निष्पाप असते या समजुतीला त्याने दिलेला हा धक्का तत्कालीन यूरोपीय कथेत विरळाच. मराठीत मनोविश्लेषणाचा कथनतंत्रावरील परिणाम मर्ढेकरांच्या रात्रीचा दिवस (१९४२) या कादंबरीत ठळकपणे दिसतो. पण तेथे लेखक पात्राच्या संज्ञाप्रवाहात उतरतो, चात मात्र पात्राच्या बाहेर उभा राहून पाहतो. त्याच्या सर्वच कथा अशा नाहीत. परीकथेच्या अंगाने जाणाऱ्या, काहीशा हळव्या कथाही त्याने लिहिल्या, परंतु त्या तेवढ्या टिकल्या नाहीत.

१९१० मध्ये त्याने मॉर्फीन टोचून घेण्यास सुरुवात केली. अफूतील या मुख्य अल्कलॉइडाची सवय जडली, की तोच परिणाम साधण्यासाठी मात्रा वाढवीत न्यावी लागते आणि ती थांबविताच शरीर व मन दोन्ही बंड करतात. हे चातला व्यवसायामुळे पूर्णपणे ठाऊक होते. आणि व्यवसायामुळेच मॉर्फीन त्याच्या हाताशी होते. त्याच्या कथांतील क्रौर्याचा उगम या व्यसनात शोधण्याची रीत पडली आहे. कालक्रम तिला अनुकूल नाही. पहिला संग्रह व ‘मातृहत्या’ ही कथा व्यसनापूर्वीची आहेत, तर व्यसन मुरल्यानंतरच्या वर्षांत त्याचे ललित लेखन जवळजवळ आटले. मॉर्फिनाने त्याला लेखक केले नाही. त्याच्यातील लेखक संपविला.

१९१० पासून त्याने आरोग्यस्नानाच्या निरनिराळ्या गावी डॉक्टर म्हणून नोकरी केली. १९१२–१३ मधील त्याची रोजनिशी हंगेरीत १९८९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तीत स्नानगृहातील स्त्रियांशी त्याने ठेवलेल्या संबंधांचे तपशील आहेत आणि रोजच्या मॉर्फिनाच्या मात्रांचे हिशेबही आहेत. व्यसन सोडण्याचे बेत, ते मोडल्याच्या नोंदी व पुन्हा नवे बेत, असा तिचा क्रम चालतो. डॉक्टर येथे स्वतःच रुग्ण झाला आहे, आणि तरीही टिपणे घेणारा हात डगमगत नाही. या निर्विकार प्रामाणिकपणाचे कौतुक करताना एक गोष्ट दृष्टिआड होऊ नये. ज्या स्त्रियांविषयी तो लिहितो, त्यांतील काही उपचारासाठी आलेल्या होत्या. त्यांच्या विश्वासाचा त्याने केलेला गैरवापर नोंदीच्या अचूकतेने सौम्य होत नाही.

१९१३ मध्ये त्याने ओल्गा योनाश हिच्याशी विवाह केला. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात दाखल झाला. पण व्यसन बळावल्याने त्याला वरचेवर रजेवर पाठवावे लागले आणि १९१७ मध्ये सेवेतून मुक्त करण्यात आले. पुढे त्याने खेड्यात डॉक्टरकी केली. पत्नीविषयीचा संशय याच काळात विकाराच्या थराला गेला. ज्या संशयविकाराचे त्याने १९१२ मध्ये पृथक्करण केले होते, त्याचीच लक्षणे आता त्याच्यात उमटत होती. १९१९ मध्ये त्याला रुग्णालयात ठेवण्यात आले. तेथून तो निसटून घरी परतला. २२ जुलै १९१९ रोजी त्याने पिस्तुलाने पत्नीची हत्या केली व नंतर विष घेऊन आणि शिरा कापून आत्महत्येचा प्रयत्न केला. त्यांची लहान मुलगी मागे राहिली.

साबाद्का येथील रुग्णालयात त्याचा जीव वाचला. परंतु तेथूनही तो पळाला. त्याला बूडापेस्टला, आपण जेथे डॉक्टर होतो त्याच मोरावचिक चिकित्सालयात जावयाचे होते. युद्धसमाप्तीनंतर सर्बियन सैन्याने हा प्रदेश ताब्यात घेतला होता आणि जन्मगाव व राजधानी यांच्यामध्ये सीमांकन रेषा आली होती. (४ जून १९२० च्या त्रियानाँ तहाने ती कायम सरहद्द ठरली व लक्षावधी हंगेरियन शेजारच्या राज्यांत अल्पसंख्य झाले.) या रेषेवर केलेबिआजवळ सर्बियन पहारेकऱ्यांनी त्याला अडविले. तेथेच त्याने पँटोपॉन हे अफूजन्य औषध मोठ्या मात्रेत घेऊन जीवन संपविले. वय बत्तीस वर्षे.

कोस्तोलान्यीने न्युगतमधील मृत्युलेखात आपल्या भावाच्या व्यसनाविषयी उघडपणे लिहिले. त्यानंतर अनेक वर्षे चातचे नाव त्याच्या अखेरीच्या दुर्घटनेमुळेच अधिक आठवले जाई. १९७० नंतर हंगेरीत त्याच्या लेखनाची नव्याने संपादने होऊ लागली. १९८० मध्ये अमेरिकेत त्याच्या कथांचा इंग्रजी अनुवाद निघाला व तोच १९८३ मध्ये अफू आणि इतर कथा (म. शी.) या नावाने, अँजेला कार्टर या इंग्रज लेखिकेच्या प्रस्तावनेसह, पेंग्विन प्रकाशनाने वाचकांपुढे आणला. यानोश सास या दिग्दर्शकाने १९९७ मध्ये ‘मातृहत्या’ या कथेवर आणि २००७ मध्ये त्या रुग्ण स्त्रीच्या लेखनावर चित्रपट काढले.