गाडी थांबली की रेषा आडवी होते

कोकण रेल्वेनं कधी गावी गेला असाल, तर हे नक्की अनुभवलं असेल. गाडी एका छोट्याशा स्टेशनात थांबते. दहा मिनिटं होतात, वीस होतात. मग कुणीतरी सांगतं, "क्रॉसिंग आहे." आजची गोष्ट त्या क्रॉसिंगची, आणि शाळेत आपण मार्कांपुरता काढलेल्या एका आलेखाची.

साल १८७८. एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाचं आलेखांवरचं पुस्तक आलं. नाडीचे ठोके असोत की घोड्याची चाल, सगळं रेषेत पकडायचं, हा त्याचा ध्यास. त्यानं पॅरिस-लिऑन रेल्वेचं अख्खं वेळापत्रक एकाच चित्रात दाखवलं. पद्धतीचं श्रेय दिलं इब्री नावाच्या इंजिनिअरला.

आडव्या अक्षावर वेळ. उभ्या अक्षावर स्टेशनं, वर पॅरिस, खाली लिऑन. प्रत्येक गाडीची एक तिरकी रेषा.

इथे बरेच जण फसतात, मीही फसायचो. ही रेषा म्हणजे रूळ नव्हेत! रेषा खाली उतरते म्हणजे गाडी घाट उतरत नाहीये, ती लिऑनकडे चाललीय. वर चढणारी रेषा परतीच्या गाडीची. रेषा जितकी उभट, तितका वेग जास्त. आणि आडवी झाली तर? घड्याळ पुढे जातंय, गाडी जागेवरच आहे.

दोन रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा वेग सारखा झाला असं समजू नका. एकाच दिशेनं सारख्या वेगानं जाणाऱ्या गाड्यांच्या रेषा समांतर असतात. छेद म्हणजे दोन्ही गाड्या त्या क्षणी एकाच ठिकाणी. दुहेरी मार्गावर त्या शेजारून निघून जातात. एकेरी मार्गावर मात्र हा छेद स्टेशनातच पडायला हवा. मधे कुठे पडला, तर समोरासमोर टक्कर.

कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग आजही एकेरी आहे. पावसाळ्यात तिथे गाड्यांचा वेग कमी करतात. मग रेषा कलंडतात आणि छेद सरकतात. नुसती वेळ वाढवून भागत नाही, प्रत्येक छेद पुन्हा स्टेशनावर आणावा लागतो. पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं ते म्हणूनच.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी अडकली की चिडू नका. समोरून येणारी रेषा सुखरूप जावी, म्हणून तुमची थोडा वेळ आडवी केलीय, इतकंच.

भेटूया पुढच्या भागात!