केशभूषालयातील कादंबरी

कृष्णवर्णीयांच्या प्रेमकथांना वाचक नाही, अशी अमेरिकेतील प्रकाशकांची दीर्घकाळ समजूत होती. संगणक विकण्याची नोकरी सोडून लेखनाकडे वळलेल्या ई. लिन हॅरिस यांची ‘इन्व्हिजिबल लाइफ’ कोणी छापीना. तेव्हा १९९१ साली त्यांनी ती पदरमोड करून छापली आणि अटलांटातील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केशभूषालयांत नेऊन ठेवली. वाचकांचा ठाव प्रकाशकांपेक्षा तेथील केशभूषाकारिणींनाच अधिक असावा! नायक स्त्री व पुरुष या दोहोंवर प्रेम करणारा, विषय नाजूकच. तरीही पुस्तक हातोहाती फिरू लागले. १९९४ मध्ये अँकर या प्रतिष्ठित संस्थेने ते पुन्हा काढले; त्याच वर्षी केन्सिंग्टनने कृष्णवर्णीय प्रेमकथांची ‘अरॅबेस्क’ ही स्वतंत्र मालाच आरंभिली.