गोळीपासून ६३ ग्रॅमपर्यंत

२००२ साली मी सदाशिव पेठेतल्या एका सायबर कॅफेत कामाला होतो. सकाळचं पहिलं काम ठरलेलं. माउस उलटा करायचा, खालची चकती फिरवून रबरी गोळी तळहातावर घ्यायची आणि आतल्या रुळांवर चिकटलेला काळा मळ नखाने खरवडायचा. काउंटर-स्ट्राइक खेळणारी पोरं अडकणारा माउस क्षणभरही चालवून घेत नसत.

डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये बनवलेला पहिला माउस तर लाकडी होता, खाली धातूची दोन चाकं. १९९९ च्या इंटेलिमाउस एक्सप्लोररमध्ये गोळी नव्हतीच; हालचाल प्रकाशाने टिपली जाई. वायरलेसवर मात्र खेळाडूंचा भरवसा बसायला वेळ लागला, कारण बॅटरीचं वजन आणि सिग्नल उशिरा पोचण्याची धास्ती.

लॉजिटेकचा २०२० चा जी प्रो एक्स सुपरलाइट ६३ ग्रॅमच्या आत बसला. माझ्याकडे तोच आहे. खालचे टेफ्लॉनचे पाय कापडी पॅडवर लोण्यासारखे सरकतात. सोबतची ग्रिप टेप घामट हातांना फार उपयोगी, ती जरूर लावा. चार्जिंगला जुनं मायक्रो-यूएसबी दिलंय, ते खटकतं. तरीही इतका चांगला माउस माझ्या हातात आजवर आलेला नाही.