'एंडगेम'नंतर मार्व्हलचं गणित कुठं चुकलं? आणि आता सगळा डाव दोन सिनेमांवर का लागलाय?

एप्रिल २०१९ मध्ये 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' आला तेव्हा भारतातल्या काही मल्टिप्लेक्सनी चोवीस तास शो लावले होते. दिग्दर्शक जो रुसो प्रमोशनसाठी मुंबईत येऊन गेला होता. ए. आर. रहमाननं भारतातल्या चाहत्यांसाठी खास गाणं केलं होतं. सिनेमानं एकट्या भारतात ३५० कोटी रुपयांहून जास्त निव्वळ कमाई केली आणि जगभरात आकडा गेला तब्बल २.७९ अब्ज डॉलरवर.

आता थेट २०२५ मध्ये या.

या वर्षी मार्व्हल स्टुडिओजचे तीन सिनेमे आले. 'कॅप्टन अमेरिका : ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'नं जगभरात साधारण ४१ कोटी डॉलर कमावले, 'थंडरबोल्ट्स'नं ३८ कोटी आणि 'द फँटास्टिक फोर : फर्स्ट स्टेप्स'नं ५२ कोटी. तिघांची बेरीज केली तरी ती एकट्या एंडगेमच्या निम्मीसुद्धा भरत नाही.

सहा वर्षांत असं काय झालं? आणि मार्व्हल यातून बाहेर येणार का? नीट समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागेल.

सुरुवात झाली कर्जातून

१९९६ मध्ये मार्व्हल ही कॉमिक्स कंपनी दिवाळखोरीत निघाली होती. त्या दशकात पैशांसाठी तिनं आपली गाजलेली पात्रं दुसऱ्या स्टुडिओंना देऊन टाकली. एक्स-मेन फॉक्सकडे गेले, स्पायडरमॅन सोनीकडे. त्यांचे सिनेमे तुफान चालले, पण मोठा वाटा त्या स्टुडिओंच्या खिशात गेला.

म्हणून २००५ मध्ये मार्व्हलनं स्वतःच सिनेमे काढायचं ठरवलं. त्यासाठी मेरिल लिंचकडून ५२.५ कोटी डॉलरचं कर्ज उभं केलं. तारण काय ठेवलं? तर आपल्या दहा पात्रांचे सिनेमाचे हक्क. त्या यादीत कॅप्टन अमेरिका, ब्लॅक पँथर, डॉक्टर स्ट्रेंज ही नावं होती. म्हणजे सिनेमे पडले असते तर हिरोच बँकेत जमा झाले असते.

२००८ मध्ये 'आयर्न मॅन' आला. कॉमिक्स न वाचणाऱ्या लोकांना हे पात्र फारसं माहीत नव्हतं आणि रॉबर्ट डाउनी ज्युनियरचं करिअर नुकतंच सावरत होतं. तरी सिनेमानं ५८ कोटी डॉलर कमावले. पुढच्याच वर्षी डिस्नेनं साधारण ४ अब्ज डॉलर मोजून अख्खं मार्व्हल विकत घ्यायचा करार केला.

एक धागा, बावीस सिनेमे

मार्व्हलची खरी कमाल होती ती एकमेकांत गुंफलेल्या गोष्टींची. सिनेमा संपला तरी लोक खुर्चीत बसून राहायचे, कारण नावं सरकून गेल्यावर पुढच्या सिनेमाची झलक दिसायची. प्रत्येक हिरोचा वेगळा सिनेमा आणि मग सगळे मिळून 'अ‍ॅव्हेंजर्स'. एंडगेम हा या मालिकेतला बावीसावा सिनेमा होता.

हाच धागा पुढं जाऊन गळ्याशी आला.

मग बिघडलं कुठं?

पहिलं कारण, ओळखीचे चेहरे गेले. एंडगेममध्ये आयर्न मॅन मेला, कॅप्टन अमेरिका म्हातारा होऊन निवृत्त झाला. ब्लॅक पँथर साकारणारा चॅडविक बोसमन ऑगस्ट २०२० मध्ये कॅन्सरनं गेला. जे लोकांना पुढं घेऊन जाणार होते, त्यातलाच एक मोठा चेहरा कायमचा हरपला.

दुसरं कारण, माल फार झाला. डिस्नेला आपलं स्ट्रीमिंग ॲप डिस्ने प्लस चालवायचं होतं, म्हणून मार्व्हलच्या वेब सिरीज सुरू झाल्या. जानेवारी २०२१ ते नोव्हेंबर २०२२ या दोन वर्षांच्या आतच ७ सिनेमे, ८ सिरीज आणि २ विशेष भाग आले. मार्व्हल स्टुडिओजचा प्रमुख केविन फायगीनं नंतर हिशोब सांगितला. एंडगेमपर्यंतची सगळी गोष्ट साधारण ५० तासांची होती, त्यानंतरच्या काही वर्षांत मात्र १०० तासांहून जास्त कंटेंट काढला गेला.

याचा फटका कसा बसला हे 'द मार्व्हल्स'वरून कळतं. २०२३ च्या या सिनेमात तीन नायिका होत्या आणि त्यातल्या दोघींची गोष्ट आधी सिरीजमध्ये येऊन गेली होती. म्हणजे तिकीट काढण्याआधी घरी बसून अभ्यास करा. लोकांनी तो केला नाही. सिनेमा साधारण २० कोटी ६० लाख डॉलरवर थांबला. मार्व्हलच्या या मालिकेतली ही सगळ्यात कमी कमाई.

तिसरं कारण, खलनायकच हातातून गेला. थॅनोसनंतर कँग हा मोठा व्हिलन ठरला होता आणि 'अ‍ॅव्हेंजर्स : द कँग डायनॅस्टी' नावाचा सिनेमाही जाहीर झाला होता. पण कँग साकारणारा जोनाथन मेजर्स डिसेंबर २०२३ मध्ये मारहाण आणि छळाच्या प्रकरणात दोषी ठरला आणि मार्व्हलनं त्याला काढून टाकलं. कित्येक वर्षं रचलेला प्लॅन एका दिवसात कोलमडला.

चौथं कारण चीन. एंडगेमनं तिथं ६० कोटी डॉलरहून जास्त कमावले होते. पुढं २०१९ नंतर थेट फेब्रुवारी २०२३ पर्यंत मार्व्हलचा एकही नवा सिनेमा चीनमध्ये लागला नाही.

लोकांना सुपरहिरोच नको झालेत का?

असं म्हणणं सोपं आहे, पण आकडे वेगळं सांगतात. २०२१ च्या 'स्पायडरमॅन : नो वे होम'नं १.९ अब्ज डॉलर कमावले, तेही कोरोनाच्या काळात. २०२४ च्या 'डेडपूल अँड वूल्व्हरिन'नं १.३ अब्जांचा टप्पा पार केला.

पण हे दोन्ही सिनेमे कोणाच्या जिवावर चालले ते बघा. पहिल्यात टोबी मॅग्वायर आणि अँड्र्यू गारफिल्ड हे जुने स्पायडरमॅन परत आले. दुसऱ्यात ह्यू जॅकमन आला, जो २००० सालापासून वूल्व्हरिन करतोय. याउलट 'थंडरबोल्ट्स'चं समीक्षकांनी कौतुक केलं, पण पात्रं फारशी ओळखीची नसल्यामुळं गर्दी झाली नाही.

थोडक्यात, लोक अजूनही थिएटरपर्यंत येतात. पण ते येतात जुन्या माणसांना भेटायला.

आता प्लॅन काय आहे?

मार्व्हलनंही हेच ओळखलंय. जुलै २०२४ मध्ये सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये स्टेजवर एका माणसानं मुखवटा काढला आणि तो निघाला रॉबर्ट डाउनी ज्युनियर. या वेळी आयर्न मॅन म्हणून नाही, तर डॉक्टर डूम नावाचा खलनायक म्हणून. कँगच्या सिनेमाचं नाव बदलून 'अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे' झालं. एंडगेम करणारे रुसो बंधूही परत आले.

'डूम्सडे'साठी १८ डिसेंबर २०२६ आणि त्यानंतरच्या 'सीक्रेट वॉर्स'साठी १७ डिसेंबर २०२७ ही तारीख जाहीर झाली. आधी दोन्ही सिनेमे मे महिन्यात येणार होते, ते पुढं ढकलले गेले. सोबतच डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी २०२४ मध्ये वर्षाला दोन, फार तर तीन सिनेमे आणि साधारण दोन सिरीज एवढीच मर्यादा घातली.

'डूम्सडे'मध्ये फॉक्सच्या काळातले एक्स-मेनही आहेत. पॅट्रिक स्टुअर्ट, इयन मॅकेलन ही नावं मार्व्हलनंच जाहीर केली होती. डिस्नेनं २०१९ मध्ये फॉक्स विकत घेतल्यामुळं ही पात्रं घरी परत आली.

पण फॉक्सची गोष्ट धडाही देते

फॉक्सनं २००० ते २०२० या काळात एक्स-मेनचे १३ सिनेमे काढले. एकेकाळी या मालिकेनं सुपरहिरो सिनेमांना नवा जन्म दिला होता. जुने आणि नवे एक्स-मेन एकत्र आणणारा 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' २०१४ मध्ये जोरात चालला. पण नुसत्या तरुण टीमवर काढलेला 'डार्क फिनिक्स' २०१९ मध्ये २५ कोटी डॉलरवर अडकला आणि वर्षभरात मालिका संपली.

मार्व्हलसमोर हाच धोका आहे. 'सीक्रेट वॉर्स'नंतर गोष्टीची घडी नव्यानं बसवली जाईल आणि एक्स-मेन नव्या कलाकारांसह येतील, असं फायगीनं सांगितलंय. त्या एक्स-मेनचं दिग्दर्शन 'थंडरबोल्ट्स' करणाऱ्या जेक श्रायरकडं आहे.

त्यामुळं 'डूम्सडे' किती कमावतो, हा खरं तर अर्धाच प्रश्न आहे. सिनेमा येईल तेव्हा डाउनी ६१ वर्षांचा असेल आणि स्टुअर्ट, मॅकेलन ८५ च्या पुढं. हे चेहरे एक-दोन सिनेमे तारून नेतील. पण २००८ मध्ये मार्व्हलनं फारशा माहीत नसलेल्या पात्राला घराघरात पोचवलं होतं. ते पुन्हा जमलं तरच ही मालिका पुढं चालेल. नाहीतर हा फक्त मोठा निरोपसमारंभ ठरेल.