मृत्युपत्र व ग्रामीण वारसा (जुन्नर परिसर)

आपल्या मृत्यूनंतर मालमत्तेची व्यवस्था कशी व्हावी, हे व्यक्तीने हयातीत नमूद करून ठेवलेला व मृत्यूपर्यंत केव्हाही बदलता येणारा लेख म्हणजे मृत्युपत्र होय. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील पिंपळवंडीसारख्या शेतीप्रधान गावांत हा लेख उशिरा आला. मिताक्षरेनुसार वडिलोपार्जित जमीन कुटुंबाची असून मुलास तीत जन्मतःच हक्क मिळे. जे एकट्याचे नाही, ते एकट्याने लिहून देण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. वाटणी व दत्तक यांच्याद्वारेच मिळकत पुढील पिढीकडे जाई. वतनी जमिनींवर १८७४ च्या वतन अधिनियमाचे आणखी बंधन होते. त्याच वतनातील वतनदार नसलेल्यास ती आपल्या हयातीपलीकडे देता येत नसे.

ब्रिटिश न्यायालयांनी हिंदूंच्या मृत्युपत्रास मान्यता दिली, ती स्वकष्टार्जित व विभक्त मिळकतीपुरती. लक्ष्मण दादा नाईक विरुद्ध रामचंद्र दादा नाईक या मुंबई इलाख्यातील दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १८८० मध्ये असा निर्णय दिला, की सहदायादाला आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येत नाही. १८७० चा हिंदू मृत्युपत्र अधिनियम मुंबई शहरास लागू झाला, मुफसलास नाही. त्यामुळे जुन्नरकडे १९२६ अखेरपर्यंत तोंडी मृत्युपत्रही वैध ठरू शके. १ जानेवारी १९२७ पासून लेख, करणाऱ्याची सही वा अंगठा आणि दोन साक्षीदार आवश्यक झाले.

मृत्युपत्र आणि त्यातून निर्माण होणारा न्यास कुटुंबास तारतो की गोत्यात आणतो, हे जिल्ह्यातील ताईमहाराज प्रकरणाने सर्वांस दाखवून दिले. पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज हे ऑगस्ट १८९७ मध्ये मृत्युशय्येवर असताना त्यांनी मृत्युपत्र करून लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे आदींना विश्वस्त नेमले. पत्नीस मुलगा न झाल्यास किंवा झालेला मुलगा न जगल्यास विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी त्यात तरतूद होती. मुलगा झाला, पण अल्पावधीतच वारला. १९०१ मध्ये औरंगाबाद येथे जगन्नाथ यास दत्तक घेण्यात आले. परंतु लवकरच ताईमहाराजांनी हे दत्तक नाकारून कोल्हापूरच्या बाळामहाराजास दत्तक घेतले. जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी १९०२ मध्ये प्रोबेट रद्द केले आणि टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला झाला. उच्च न्यायालयाने १९०४ मध्ये त्यांना निर्दोष ठरविले. दत्तकाचा दिवाणी वाद त्यानंतरही चालून १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने पहिले दत्तक ग्राह्य धरले. ताईमहाराज १९०३ मध्येच वारल्या होत्या. मृत्युपत्र करणाऱ्याने आपल्या विधवेचा निर्णय विश्वस्तांच्या संमतीशी जखडला, हेच वादाचे मूळ होय. एरवी या प्रांताच्या विधिपरंपरेनुसार विधवेस पतीच्या स्पष्ट आज्ञेवाचूनही दत्तक घेता येत असे.

गावात मात्र न्यास हा शब्द बहुधा देवस्थानाच्या संदर्भातच ऐकू येई. शेतकऱ्यापुढील प्रश्न वाटणीचा होता. हॅरल्ड मान यांनी पुण्यानजीकच्या पिंपळे सौदागर गावाच्या पाहणीत सरासरी धारण क्षेत्र १७७१ मध्ये ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा एकर आणि १९१४-१५ मध्ये ७ एकर असल्याचे नोंदविले.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने एकाच वेळी दोन गोष्टी केल्या. वडिलांच्या हिश्श्यात मुलींस वारसा मिळाला. आणि कलम ३० ने सहदायादास तोच हिस्सा मृत्युपत्राने कोणालाही देण्याची मुभा दिली. पहिल्या तरतुदीने दिलेले दुसरीच्या आधारे काढून घेता येऊ लागले. शिवाय मृत्युपत्र नसले, तरी भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून देण्याची रीत होतीच. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींस सहदायाद केले, पण तत्पूर्वी विवाह झालेल्यांना वगळून. ही त्रुटी २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने दूर झाली. वडील २००५ मध्ये हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणी सांगितले. आता मृत्युपत्राने वडिलांना केवळ स्वतःचा हिस्सा देता येतो. मुलीचा जन्मसिद्ध हिस्सा त्यांच्या लेखणीबाहेर गेला.

कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने तालुक्यातील जमिनीचे मोल वाढले, तर जुन्नर-आंबेगावचे असंख्य लोक मुंबईत स्थायिक झाले. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाने मुंबई शहरात केलेल्या किंवा तेथील स्थावराविषयीच्या हिंदूंच्या मृत्युपत्रास प्रोबेटची अट घातली होती. गावी केलेल्या व गावच्या जमिनीपुरत्या मृत्युपत्रास ती नव्हती. परळच्या खोलीत लिहिलेला कागद व गावच्या ओसरीवर लिहिलेला कागद यांची वाट अशी वेगळी होई. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीस आणखी मर्यादा आहे: मुंबई कुळवहिवाट अधिनियमाच्या गुजरातमधील एका प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच ठरविले, की अशी जमीन मृत्युपत्राने बिगर शेतकऱ्यास देता येत नाही.

मृत्युपत्र असो वा नसो, १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्यास द्यावयाची असते. फेरफार मंजूर झाल्यावर सातबाऱ्यावर नाव येते. तथापि ही नोंद महसुलापुरती असून मालकीचा अंतिम निर्णय दिवाणी न्यायालयच करते. वर्दीच न दिल्यामुळे मृत आजोबांचे नाव सातबाऱ्यावर तसेच राहते, आणि मुंबईतील नातू व सासरी असलेल्या आत्या यांच्या सह्या गोळा करण्यासाठी पुढच्या पिढीला वणवण करावी लागते.