‘शार्प्स फोर्ट्रेस’ : गाविलगडाची कादंबरी आणि पडदा

बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाची १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धावरील ऐतिहासिक कादंबरी (१९९९). ‘शार्प्स टायगर’ (श्रीरंगपट्टण) आणि ‘शार्प्स ट्रायम्फ’ (असई) यांनंतरचा भारतातील कथांचा हा तिसरा भाग.

कथा सुरू होते अडगावच्या लढाईने (२९ नोव्हेंबर १८०३). हे गाव आज अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात आहे. असईला पराक्रम गाजवून सार्जंटचा अधिकारी झालेला रिचर्ड शार्प येथे रसदीच्या बैलतांड्यावर अडकून पडला आहे. लष्करी माल चोरून विकणाऱ्यांचा तो छडा लावत असताना लेखकाने मोहिमेची धूळ आणि लबाडी फार जवळून दाखवली आहे.

कादंबरीचा खरा नायक मात्र गाविलगड. अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला लागून असलेल्या या गडाचे बाहेरचा व आतला असे दोन भाग असून मध्ये खोल घळ आहे. इंग्रज सेनानी स्टीव्हन्सनच्या फौजेने मेळघाटच्या डोंगरांतून रस्ता काढत तोफा उत्तरेकडे ओढून नेल्या. १५ डिसेंबरला बाहेरचा कोट पडला, पण आतल्या दरवाजाशी हल्ला अडला. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून तट चढली आणि तिने आतून दरवाजा उघडला. कादंबरीत हे श्रेय शार्पकडे जाते. कथेला ते शोभते. गडाचा किल्लेदार बेनीसिंगाचे चित्रण मात्र अन्यायाचे आहे: कादंबरीतला किल्लेदार भित्रा आणि ऐषारामी, तर प्रत्यक्षात बेनीसिंगाचा देह दरवाजाजवळ पडलेल्या मृतांच्या राशीत सापडला होता.

या कादंबरीवर स्वतंत्र चित्रपट झालेला नाही. टॉम क्लेग दिग्दर्शित ‘शार्प्स चॅलेंज’ (आयटीव्ही, २००६) हा दोन भागांचा दूरचित्रपट तिच्या सर्वांत जवळचा. कादंबरीतला शार्प पंचविशीतला आहे, तर शॉन बीन तेव्हा चाळिशी ओलांडलेला. चित्रपटाची कथा वॉटर्लूनंतर, १८१७ मध्ये घडते. फितूर विल्यम डॉड (टोबी स्टीफन्स) भारत-कथांतून घेतला आहे. शत्रूच्या गोटात सोंग घेऊन शिरणे आणि तटात पेरलेली सुरुंगाची दारू ‘टायगर’मधून. गड ‘फेरागढ’ असा काल्पनिक, चित्रीकरण राजस्थानात. राजवाडे देखणे दिसतात, पण घळ गेली आणि तिच्याबरोबर लढाईचे कोडेही गेले. भोसले-शिंद्यांच्या राजकारणाच्या जागी कटकारस्थानी दरबार आला.

इतिहासात गाविलगड पडल्यावर दोनच दिवसांत, १७ डिसेंबरला, भोसल्यांनी देवगावचा तह केला; वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला, गाविलगड व नरनाळा मात्र त्यांच्याकडेच राहिले. वऱ्हाडी वाचकाने चित्रपट करमणुकीसाठी पाहावा, पण गाविलगड चढताना सोबत कादंबरीच घ्यावी.