चौसा बैल आणि वापरलेली मोटार

यंदाच्या दसऱ्याला वणीत आमच्या दारी मोटार आली. ती नवी नव्हती. नाशिकच्या एका गृहस्थाकडे अडीच वर्षे धावून आली होती. आईने तिला हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली, नारळ वाढवला, आणि घरात शिरता शिरता हळूच म्हणाली, "इतकी वर्षं थांबलास, तर नवीच घ्यायची होतीस रे."

आईच्या या वाक्यामागे एक जुनी गोष्ट आहे. नाना शाळामास्तर. माझ्या जन्माआधी त्यांनी बजाजची स्कूटर नोंदवून ठेवली होती. तिचा नंबर लागला तेव्हा मी पहिलीत होतो. आईने सीटसाठी निळे कव्हरही शिवले. पण त्याच उन्हाळ्यात आत्याचे लग्न ठरले. नानांनी स्कूटरचा नंबर एका व्यापाऱ्याला देऊन टाकला आणि वरच्या पैशांत लग्नाचा मांडव उभा राहिला. निळे कव्हर पुढे उशीचा अभ्रा झाले. आमच्या घरी त्यानंतर नवे वाहन कधी आलेच नाही.

न घेतलेल्या स्कूटरवर नानांना पैसे सुटले कसे, हे कोडे मला पुष्कळ वर्षे उलगडले नव्हते. वाचकहो, त्याचे उत्तर आपल्या देशातील मोटारीच्या इतिहासात आहे.

हिंदुस्थानात मोटारी आल्या त्या परदेशातून. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला सुट्या भागांची जुळणी सुरू केली. पुढे १९४४ साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. आम्हां नाशिककरांना वालचंद परके नाहीत. मालेगाव तालुक्यातील रावळगावचा साखर कारखाना त्यांचाच, आणि तिथल्या गोळ्यांवर आमच्या दोन पिढ्यांचे बालपण गोड झाले. त्यांच्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली. तिकडे कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला अँबॅसडर होऊ लागली. स्वदेशी उद्योग उभा राहावा म्हणून सरकारने परदेशी गाड्यांची वाट अडवली आणि १९५४ च्या सुमारास जनरल मोटर्सनेही गाशा गुंडाळला.

हेतू चांगला होता. पण गिऱ्हाईक उदंड आणि गाड्या मोजक्या, असे झाले. किमतीवर सरकारचा अंकुश, कारखान्याने किती गाड्या काढाव्यात यावरही परवान्याचा लगाम. १९५९ च्या हुकुमाने नव्या मोटारीची वाटणी व विक्री नियमांत बांधली गेली. १९६४ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सुमारे बारा हजारांची फियाट घेतली, तीही पाच हजारांचे कर्ज काढून. पण ज्याच्या खिशात रोख बारा हजार होते, त्यालाही गाडी मिळेलच असे नव्हते. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे आलेच.

मग एक चमत्कार घडला. थोडीशी वापरलेली फियाट नव्या फियाटच्या ठरलेल्या किमतीहून महाग विकू लागली! नवी गाडी स्वस्त, पण कागदावर. वापरलेली महाग, पण दारात उभी. घेणारा त्या जास्तीच्या पैशांत गाडी नव्हे, रांगेतली वर्षे विकत घेत असे. व्यापाऱ्यांच्या बोलीत या रकमेला 'ऑन' म्हणत. नानांनी विकली तीही स्वतःच्या आयुष्यातली सातआठ वर्षेच.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुतीची पहिली गाडी दिल्लीत गिऱ्हाइकाच्या हाती गेली. १९९१ नंतर अर्थव्यवस्थेची दारे उघडली आणि रांगा हळूहळू विरल्या. रांग गेली तसा 'ऑन'ही गेला आणि उलटे गणित सुरू झाले. विम्याच्या परिचित कोष्टकात गाडीचे मोल पहिल्या सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २० आणि तीन वर्षांपर्यंत ३० टक्के घटलेले धरतात. म्हणजे दहा लाखांची गाडी तिसऱ्या वर्षात सातांवर येते. इंजिन मात्र अजून ऐन उमेदीत असते.

शेतकऱ्याला हे शहाणपण कुणी शिकवावे लागत नाही. बैलबाजारात तो आधी जनावराचे तोंड उघडतो. दुधाच्या दातांचा तो आदत, दोन दात आले की दुसा, चार आले की चौसा, सगळे आले की जुळलेला. आदत देखणा खरा, पण तो औताला चालेल की नाही हे देवालाच ठाऊक. चौसा मात्र जुवाखाली मान द्यायला शिकलेला असतो आणि कष्टाची वर्षे अजून पुढे असतात. मीही तसेच गाडीचे दात मोजले. देखभालीची पुस्तिका चाळली, टायर पाहिले, विम्याची मागणी कितीदा केली ते विचारले, बँकेचे कर्ज फिटल्याचा कागद मागितला आणि मगच नाव बदलण्याच्या २९ व ३० नंबरच्या अर्जांवर सह्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना-आईंना घेऊन सप्तशृंगीच्या दर्शनाला निघालो. आईने मागच्या सीटवर नानांच्या पाठीशी उशी ठेवली. नांदुरीचा घाट चढताना तिने विचारले, "ऑन किती द्यावा लागला?"

"आता ऑन नसतो आई. उलट नव्यापेक्षा तीस टक्के कमी पडले."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तेव्हा थांबणाऱ्याचं नुकसान, आणि आता घाई करणाऱ्याचं."

नाना मागून हसले. चाळीस वर्षांत स्कूटरचा विषय निघाल्यावर त्यांना हसताना मी प्रथमच पाहिले. वळणे सरली. गड समोर आला तेव्हा आईने हात जोडले, आणि गाडी नवी की जुनी हे पुन्हा कुणी काढले नाही.